छोटे महाविद्यालय आणि विद्यार्थ्याची घडण : औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय

१. प्रस्तावना



छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात नंदिनी नगर नावाची खाणवसाहत आहे. भिलाई पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्यांना लागणारी चुनखडी येथील खाणींतून जाते. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबर वसाहती आल्या, छत्तीसगढच्या गावांतून, विदर्भातून आणि देशाच्या इतर भागांतून कामगार आले. त्यांच्या घरांतील मुले-मुली जेव्हा महाविद्यालयात गेली, तेव्हा त्यातल्या अनेकांच्या घरात त्याआधी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते.

तुमच्यापैकी काही जण अशाच वसाहतीत, तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या कडेला असलेल्या छोट्या महाविद्यालयात शिकत असाल. अशा विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न हमखास असतो: ‘नाव नसलेल्या छोट्या महाविद्यालयात शिकून मी किती पुढे जाणार?’ या प्रश्नाला सहसा जिद्द, मेहनत आणि चिकाटी यांचे दाखले देऊन उत्तर दिले जाते. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. या पाठात आपण तोच प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. भिलाईच्या उभारणीच्याच दशकात मराठवाड्यात सुरू झालेल्या एका छोट्या महाविद्यालयाचे उदाहरण त्यासाठी घेतले आहे. ते म्हणजे औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. (औरंगाबाद शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पाठात त्या काळचे नाव वापरले आहे.)

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील तीन गोष्टी सांगता याव्यात:

• १९५० च्या सुमारास मराठवाड्यातील गरीब व दलित विद्यार्थ्यासमोर कोणत्या अडचणी होत्या.
• मिलिंद महाविद्यालयाने त्या अडचणींवर कोणती व्यवस्था उभी केली.
• विद्यार्थ्याची ‘वैयक्तिक’ वाढ आणि संस्थेची रचना यांचा संबंध काय.

२. पार्श्वभूमी : १९५० चा मराठवाडा

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे त्या वेळचे मराठवाड्याचे पाच जिल्हे. विद्यापीठ होते ते हैदराबादला, १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया. तेथील शिक्षणाचे माध्यम सुरुवातीला उर्दू होते. पदवीपर्यंत शिकायचे तर मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांना हैदराबाद गाठावे लागे.

हा प्रवास कोणाला परवडत असेल, याचा विचार करा. १९५१ च्या जनगणनेत संपूर्ण भारताची साक्षरता सुमारे १८ टक्के होती. हैदराबाद राज्य त्या सरासरीच्याही बरेच मागे होते. ज्याच्या घरी थोडीफार शेती, नोकरी किंवा शहरात एखादा नातेवाईक होता, त्याला निदान विचार तरी करता येई. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुलाला तोही शक्य नव्हता. त्याच्यासमोर अडचणींची साखळीच होती. प्रवासाला आणि फीला पैसे नव्हते. शहरात पोहोचला तरी जात विचारून खोली नाकारली जाई. खानावळीत बसता येईल याची खात्री नव्हती. गावातली शाळा मराठी किंवा उर्दू, तर महाविद्यालयातले शिक्षण आणि पुस्तके इंग्रजी. शिवाय, मुलगा शिकतो म्हणजे घरातला एक कमावता हात कमी होतो.

यातली एक अडचण दूर करून भागत नाही, हे लक्षात घ्या. फी माफ झाली पण राहायला जागा मिळाली नाही, तर मुलगा परत गावी जातो. जागा मिळाली पण जेवायची सोय नसेल, तरीही तेच होते. जागा आणि जेवण दोन्ही मिळाले, पण वर्गात बोललेले कळत नसेल, तर पहिल्या परीक्षेनंतर तो परत जातो. मिलिंद महाविद्यालयाचा इतिहास समजून घेण्यासाठी ही साखळी सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागेल.

३. संस्थापकाची विद्यार्थिदशा

या महाविद्यालयाचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही साखळी स्वतः अनुभवलेली होती. आपण त्यांच्याकडे राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून पाहतो. येथे मात्र त्यांच्याकडे एक विद्यार्थी म्हणून पाहू.

मुंबईत त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत असे. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने झालेल्या सत्कारात कृ. अ. केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. याच केळूसकरांच्या प्रयत्नाने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. मुल्लर यांनी त्यांना पुस्तके दिली आणि कपडेही दिले. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना वसतिगृहात सगळ्यांसारखी खोली मिळाली आणि नवल भथेना या पारशी सहाध्यायाशी त्यांची आयुष्यभराची मैत्री झाली.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहा. १९१७ मध्ये परदेशातून परतल्यावर शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्यात नोकरीसाठी गेले. हाती कोलंबियाची एम.ए. पदवी होती, लंडनचे अध्ययन झाले होते, तरी शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत उतरले आणि तेथून त्यांना बाहेर पडावे लागले. माणूस कितीही शिकला, तरी छप्पर नसेल तर त्याचे शिक्षण रस्त्यावर येते, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

दुसरा प्रसंग १९३४ चा आणि तो औरंगाबादच्याच परिसरातला आहे. वेरूळची लेणी पाहायला निघालेले आंबेडकर आणि त्यांचे सहकारी वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी तेथील हौदाच्या पाण्याने तोंड-हात धुतले, तेव्हा पाणी बाटवल्याचा आरोप करत लोक त्यांच्यावर धावून आले. हे दोन्ही प्रसंग त्यांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत नोंदवले आहेत. या प्रसंगानंतर सोळा वर्षांनी, त्याच दौलताबादपासून काही मैलांवर त्यांनी महाविद्यालय सुरू केले. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध लावण्याची घाई इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये. पण हा प्रदेश आणि तेथील माणसाचे जगणे त्यांना प्रत्यक्ष माहीत होते, एवढे निश्चित म्हणता येते.

४. महाविद्यालयाची स्थापना आणि नाव

८ जुलै १९४५ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. संस्थेचे पहिले महाविद्यालय म्हणजे जून १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेले सिद्धार्थ महाविद्यालय. दुसरे महाविद्यालय मुंबई-पुण्यात न काढता औरंगाबादला काढण्याचा निर्णय झाला आणि जून १९५० मध्ये ते सुरू झाले. आरंभीचे वर्ग छावणी भागातील लष्करी बराकींत भरत. १ सप्टेंबर १९५१ रोजी नव्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली. या वेळी आंबेडकर केंद्रात कायदामंत्री होते. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. इमारत, पाणी, झाडे, ग्रंथालय, शिक्षकांच्या नेमणुका अशा बारीकसारीक बाबींत ते स्वतः लक्ष घालत.

महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव नंतर मिळाले आणि परिसराला ‘नागसेनवन’ म्हटले जाऊ लागले. ही दोन्ही नावे एकाच ग्रंथातून येतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर याला पाली परंपरा ‘मिलिंद’ म्हणते. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात हा राजा भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो आणि नागसेन उत्तरे देतो. राजा मोठा वादपटू होता, पण उत्तर पटले की ते मान्य करण्याचा प्रामाणिकपणा त्याच्याकडे होता. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव परिसराला, अशी ही योजना आहे. ज्या समाजाला शतकानुशतके प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता, त्या समाजातील मुलांनी या नावाच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, यातला अर्थ तुमच्या लक्षात येईल.

त्याच ग्रंथातील रथाचा दाखला प्रसिद्ध आहे. नागसेन राजाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो आणि शेवटी मान्य करतो की, हे सगळे भाग जुळून येतात त्याला आपण रथ म्हणतो. नागसेन पुढे सांगतो की माणसाचेही तसेच आहे. मूळ संदर्भ तत्त्वज्ञानाचा आहे, पण आपल्या विषयासाठीही तो उपयोगी पडतो. घडलेला विद्यार्थीही अनेक भाग जुळून येतात तेव्हाच दिसतो. ते भाग कोणते, हे आता पाहू.

५. पहिला भाग : वसतिगृह आणि शिष्यवृत्ती

मिलिंदच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची इमारत वर्गांची नव्हती, वसतिगृहाची होती. शहरात जात विचारली जाई. वसतिगृहात ती विचारायचे कारणच नव्हते. खोली नाकारली जाण्याची भीती गेली की मुलाच्या डोक्यातली केवढी तरी जागा अभ्यासासाठी मोकळी होते.

वसतिगृहाचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. गावात एखाद-दुसराच मुलगा शिकत असतो. शिकताना आपण कोणी वेगळे आहोत, कधी कधी आपले काही तरी चुकते आहे, असे त्याला वाटत राहते. वसतिगृहात बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतून आलेली त्याच्यासारखीच मुले भेटतात. आपण भोगलेला अपमान दुसऱ्यानेही तसाच भोगला आहे, हे रात्री गप्पा मारताना कळते. जोवर ते आपल्या एकट्याचे दुर्दैव वाटत असते, तोवर माणूस लाजतो. तीच गोष्ट अनेकांची आहे हे कळले की तो कारणे शोधू लागतो. इतिहासाचा अभ्यास खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

शिष्यवृत्तीचाही इतिहास आहे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधीची मागणी लावून धरली. १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना पुढे स्वतंत्र भारतात वाढत गेली आणि आजही चालू आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तिचा अर्ज भरला असेल. कागदपत्रे जमवताना, मंजुरीची वाट पाहताना ती कटकट वाटते. पण मिलिंदच्या पहिल्या तुकड्यांसाठी या रकमेचा अर्थ ‘शिकायचे की मजुरीला जायचे’ या प्रश्नाचे उत्तर असा होता.

६. दुसरा भाग : शिक्षक आणि वर्ग

मिलिंदचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे स्वतः दलित समाजातील नव्हते. ते इंग्रजीचे प्राध्यापक आणि डॉ. आंबेडकरांचे विश्वासू सहकारी होते. महाविद्यालय सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी खुले होते. शिक्षकही निरनिराळ्या समाजांतून आलेले होते. ही बाब नोंदवणे गरजेचे आहे, कारण मिलिंद हे ‘एका जातीचे महाविद्यालय’ होते असा समज अनेकदा आढळतो. दलित विद्यार्थी तेथे मोठ्या संख्येने होते ही गोष्ट खरी. पण ज्या वर्गात सगळे एका बाकावर बसतात असा वर्ग उभा करणे, हा त्या संस्थेचा हेतू होता.

छोट्या महाविद्यालयाचे एक वैशिष्ट्य येथे दिसते. मोठ्या महाविद्यालयात शिक्षक विद्यार्थ्याला हजेरीच्या क्रमांकाने ओळखतो. छोट्या महाविद्यालयात त्याला नाव माहीत असते, गाव माहीत असते, तीन दिवस मुलगा का आला नाही हेही माहीत असते. केळूसकर गुरुजी आणि प्रा. मुल्लर यांनी आंबेडकरांसाठी जे केले, ते एका व्यक्तीच्या चांगुलपणावर अवलंबून होते. ते भेटले नसते तर? छोट्या निवासी महाविद्यालयात अशी ओळख होणे योगायोगावर राहत नाही, कारण शिक्षक आणि विद्यार्थी एकाच परिसरात वावरतात.

पुढच्या काळात नागसेनवनात आलेल्या अध्यापकांत दोन नावे विशेष आहेत. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले होते. तेथील कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची त्यांनी मराठी दलित लेखकांना ओळख करून दिली. नागपूरहून आलेले डॉ. गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादमधून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केले आणि ते कित्येक दशके चालवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वर्गात शिकवणारा माणूस स्वतः लिहितो, संपादन करतो आणि आपण दिलेला कागद वाचून दुरुस्त करून परत देतो, हे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला लेखन ही दूरच्या, परक्या लोकांची गोष्ट वाटत नाही.

७. तिसरा भाग : रंगमंच आणि छापील पान

स्नेहसंमेलन आणि वार्षिक अंक या गोष्टी आपण अभ्यासाबाहेरच्या समजतो. मिलिंदच्या इतिहासात त्यांचे स्थान मध्यवर्ती आहे.

प्राचार्य चिटणीस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. रामायणकाळापासून आधुनिक काळापर्यंत अस्पृश्यतेचा प्रवास दाखवणारे हे नाटक विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेच्या निमित्ताने जमलेल्या प्रचंड समुदायासमोरही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना अभ्यासक या नाटकाचा उल्लेख आरंभीच्या टप्प्यावर करतात. गावात ज्याला मोठ्या आवाजात बोलण्याचीही मुभा नव्हती, तो मुलगा रंगमंचावर उभा राहून शेकडो लोकांसमोर इतिहास सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजात होणारा बदल कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदवला जात नाही.

हे केवळ औरंगाबादेतच घडले असे नाही. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि तीत सार्वजनिक प्रश्नांवर वाद होत. बोलण्याचा, मतभेद मांडण्याचा आणि हरल्यावर शांत बसण्याचा सराव हा पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणकल्पनेचाच भाग होता.

८. एक विद्यार्थी : प्र. ई. सोनकांबळे

आतापर्यंत आपण व्यवस्था पाहिली. आता तिच्यातून गेलेला एक विद्यार्थी पाहू. प्रल्हाद ईरन्ना सोनकांबळे यांचा जन्म १९४३ चा, उदगीर परिसरातला. आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बहिणीच्या घरी, चेरा या गावी ते वाढले. पोटाला पुरेसे अन्न नाही, अंगावर धड कपडा नाही आणि शाळा सोडावी लागेल ही टांगती भीती, असे ते बालपण होते. तेथून शिकत शिकत ते औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात पोहोचले. पुढे ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि ज्या नागसेनवनात शिकले, तेथेच त्यांनी शिकवले.

१९७९ मध्ये त्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. दया पवार यांचे ‘बलुतं’ त्याच्या आदल्याच वर्षी आले होते. या दोन पुस्तकांपासून मराठीत दलित आत्मकथनांचा मोठा प्रवाह सुरू झाला असे मानले जाते. सोनकांबळ्यांच्या पुस्तकाची भाषा उदगीरकडच्या बोलीची आहे, ती प्राध्यापकी थाटाची नाही. आक्रोशापेक्षा साधे, बारकाईने केलेले कथन त्यात आढळते.

येथे थोडे थांबून विचार करा. सोनकांबळे इंग्रजी शिकले, इंग्रजीचेच अध्यापक झाले, पण स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी बहिणीच्या घरची बोली निवडली. महाविद्यालयात गेल्यावर अनेक विद्यार्थी आधी आपली बोली लपवतात. मामाला काय म्हणतो, भाकरीला काय म्हणतो, हे वर्गात ओठांवर येऊ नये म्हणून जपतात. ही लाज टाकून त्याच भाषेत लिहिण्याइतका आत्मविश्वास येणे, ही वाढीची फार वरची पायरी आहे. पदवी मिळाली की ती आपोआप मिळत नाही. ती मिळण्यासाठी तशा लेखनाला मान देणारे वाचक, शिक्षक आणि नियतकालिक भोवती असावे लागते. १९६०–७० च्या दशकांत औरंगाबादेत तसे वातावरण होते.

सोनकांबळ्यांची जिद्द मोठी होती यात शंका नाही. परंतु त्यांच्याइतकीच जिद्द असलेली मुले त्यांच्या आधीच्या पिढीतही असणारच. त्या पिढीतली अशी आत्मकथने आपल्याला का मिळत नाहीत? कारण त्यांच्या वाटेवर ना वसतिगृह होते, ना शिष्यवृत्ती, ना नागसेनवन. जिद्द दोन्ही पिढ्यांत होती, फरक पडला तो तिला टेकायला जागा मिळाल्याने.

९. या वाढीची किंमत आणि मर्यादा

छोट्या महाविद्यालयाची गोष्ट केवळ यशाची म्हणून सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, दुरावा. शिकलेला मुलगा सुट्टीत गावी जातो तेव्हा घर तेच असते, पण तो बदललेला असतो. आई-वडिलांना त्याच्या पुस्तकांतले कळत नाही आणि त्याला त्यांच्या सहनशीलतेचा राग येतो. दलित आत्मकथनांत हा ताण पुन्हा पुन्हा दिसतो. ज्यांच्या श्रमावर आपण शिकलो, त्यांच्यापासूनच आपण लांब जातो आहोत ही टोचणी अनेकांना आयुष्यभर पुरली.

दुसरी, मुलींचे प्रमाण. वसतिगृहाने खेड्यातल्या मुलाला जे दिले, ते मुलीपर्यंत पोहोचायला बराच अधिक काळ लागला. आरंभीच्या दशकांचा इतिहास सांगताना आपल्यासमोर येणारी नावे मुख्यतः पुरुषांची आहेत, याची नोंद घ्या. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांच्यासारख्या लेखिकांची आत्मकथने १९८० च्या दशकात पुस्तकरूपाने आली, आणि तीही वेगळ्या वाटांनी.

तिसरी, बाहेरच्या जगाचा विरोध. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामांतराची चळवळ सोळा वर्षे चालली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. ‘आठवणींचे पक्षी’ ज्या वर्षी प्रसिद्ध झाले, त्याच्या आदल्या वर्षीची ही घटना आहे. वर्गात बाक समान झाला होता, पण गावातला पाणवठा अजून समान झालेला नव्हता. महाविद्यालय विद्यार्थ्याला घडवू शकते. त्याच्या भोवतालचा समाज एकट्याने बदलणे त्याच्या आवाक्यात नसते.

१०. एक तुलना : सातारा

मिलिंदसारखे प्रयत्न इतरत्रही झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला भेट दिली. १९४७ मध्ये संस्थेने साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. तेथे ‘कमवा आणि शिका’ या योजनेखाली विद्यार्थी शेतात, बांधकामावर, कार्यालयात काम करत आणि त्या श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवत.

दोन्ही ठिकाणी आधी वसतिगृहाचा विचार आहे, हे साम्य ठळक आहे. वेगळेपण खर्चाच्या बाजूला दिसते. साताऱ्यात विद्यार्थ्याच्या श्रमावर भर होता. मिलिंदच्या परंपरेत शिष्यवृत्ती हा नागरिक म्हणून मिळणारा हक्क मानला गेला. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सक्तीचे श्रमच होते, त्यांच्या मुलांना काही वर्षे फक्त वाचायला मिळावीत, हा विचार त्यामागे दिसतो. या दोन भूमिकांपैकी तुम्हाला कोणती पटते, यावर वर्गात चर्चा करा. उत्तर एकच असेल असे नाही.

११. तुमच्या महाविद्यालयाचा इतिहास

आता पुन्हा नंदिनी नगरसारख्या ठिकाणाकडे वळू. मिलिंदला डॉ. आंबेडकरांसारखा संस्थापक लाभला, म्हणून त्याचा इतिहास लिहिला गेला. देशातील हजारो छोट्या महाविद्यालयांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तो तुम्ही लिहू शकता. त्यासाठी साधने जवळच आहेत:

• प्रवेश नोंदवही : कोणत्या गावांतून, पालकांच्या कोणत्या व्यवसायांतून विद्यार्थी आले, दर दहा वर्षांनी त्यात काय बदल झाला, मुलींची संख्या केव्हा वाढली.
• वार्षिक अंक : विद्यार्थी कोणत्या विषयांवर आणि कोणत्या भाषेत लिहीत होते. जुन्या अंकातील एखादी कच्ची कविताही इतिहासाचे साधन असते.
• मौखिक आठवणी : पहिल्या तुकड्यांतील माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, शिपाई, खानावळ चालवणारे लोक. त्यांची परवानगी घेऊन, तारीख-वार नोंदवून मुलाखत घ्या.
• जागा : वर्ग आधी कोठे भरत होते, इमारत केव्हा झाली, ग्रंथालयात पहिली पुस्तके कोणती आली.

नोंदवही पाहताना खासगी माहिती उघड होणार नाही याची काळजी घ्या. आकडे घ्या, नावे घेऊ नका. मुलाखतीत मिळालेली आठवण दुसऱ्या साधनाशी ताडून पाहा. माणसे खोटे बोलतात म्हणून नव्हे, तर चाळीस वर्षांत आठवणी आपोआप घासून गुळगुळीत होतात म्हणून.

हे काम करताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. तुम्हाला आज सहज मिळणारी बसची सवलत, शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलींसाठीची खोली, ग्रंथालयातले एखादे पुस्तक, यांतली प्रत्येक गोष्ट कोणी तरी कधी तरी मागून घेतलेली आहे. आणि जी अजून मिळालेली नाही, ती मागण्याची पाळी तुमची आहे.

१२. सारांश

१९५० मध्ये बराकींत सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाने मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना राहायला जागा, शिष्यवृत्तीचा आधार, नाव ठाऊक असलेले शिक्षक, बोलण्यासाठी रंगमंच आणि लिहिण्यासाठी पान दिले. या सर्व गोष्टी एकत्र आल्या तेव्हा सोनकांबळ्यांसारखे विद्यार्थी लेखक आणि अध्यापक म्हणून उभे राहिले. या वाढीला दुराव्याची किंमत होती, मुलींपर्यंत ती उशिरा पोहोचली आणि बाहेरच्या समाजाचा विरोध तिला सोसावा लागला. विद्यार्थ्याची जिद्द आवश्यक असते. मात्र ती फळाला येण्यासाठी संस्थेची साथ लागते आणि त्या साथीलाही इतिहास असतो. ‘माझे महाविद्यालय छोटे आहे’ असे पुढच्या वेळी म्हणाल तेव्हा आधी हे तपासा की, वर पाहिलेल्या गोष्टींपैकी तेथे काय आहे आणि काय नाही.

१३. स्वाध्याय

१. १९५० पूर्वी मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्यासमोर असलेल्या अडचणींना ‘साखळी’ का म्हटले आहे? उदाहरणांसह लिहा.

२. डॉ. आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील आणि नंतरच्या अनुभवांचा वसतिगृहाच्या प्रश्नाशी कसा संबंध लावता येतो? असा संबंध लावताना इतिहासकाराने कोणती सावधगिरी बाळगावी?

३. ‘मिलिंद’ आणि ‘नागसेनवन’ या नावांमागील अर्थ थोडक्यात स्पष्ट करा.

४. मिलिंद महाविद्यालय आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज यांच्या भूमिकांतील साम्य व वेगळेपण सांगा.

५. उपक्रम : तुमच्या महाविद्यालयातून सर्वांत आधी शिकून गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याशी बोला. त्या वेळी राहण्याची, जेवणाची आणि पुस्तकांची सोय कशी होती, एवढेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे शक्यतो त्यांच्याच बोलीत लिहून काढा.